गुडघ्यावरची साखर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पूर्वी साष्टांग लिहीत असे. हल्ली खाली गेलो की वर यायला भिंत लागते, आणि पत्रात खोटं लिहू नये हे तूच शिकवलंस. तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढाच लिहिला आहे.) इकडे सगळे खुशाल. तुझा खांदा कसा आहे? तुझं मागचं पत्र दहा ओळींचं होतं. त्यातल्या सात खांद्याच्या आणि उरलेल्या तीन तुझ्या डॉक्टरच्या अकलेच्या. दोन्हीला लवकर उतार पडो. कुंड्यांवरची कीड गेली का? भावोजी अजून सकाळी रेडिओशी भांडतात का? भांडत असतील तर त्यांची तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालतो.

पत्रास कारण की (कारण न सांगता तुला लिहिलं की ‘काय हवंय?’ एवढंच उत्तर येतं, म्हणून आधीच सांगून टाकतो) आमच्या घरात गेले तीन आठवडे एकच प्रश्न धुमसतो आहे. ठकीला गोड कधी द्यायचं? तू तीस वर्षं बालवाडी चालवलीस, दोन हजार पोरांची नाकं पुसलीस, त्यामुळे या बाबतीत तुझा शब्द आमच्याकडे शेवटचा मानतात. (माझा पहिला मानतात, म्हणजे मी बोललो की चर्चा सुरू होते.) तुझी भावजय काल रात्रीच्या जेवणाला म्हणाली, ‘ताईंना विचारू. त्या म्हणतील तसं.’ तेव्हा येत्या रविवारच्या आत हातात पडेल अशा बेताने ‘द्यायला हरकत नाही’ एवढे तीन शब्द तिच्या नावाने एका कार्डावर लिहून टाक. पण सगळं नीट समजल्याशिवाय तू साध्या हजेरीपटावरसुद्धा सही करत नसस, म्हणून ही पुढची पानं. फोनवर सांगितलं असतं, पण आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि सासूबाईंचे कान चार खोल्यांचे.

ठकी जन्मायच्या आधीच तुझ्या भावजयीने फ्रिजवर एक कागद चिकटवला होता: दोन वर्षं साखर नाही. चौदा वर्षं वाट पाहून झालेलं पोर; ते काचेच्या भांड्यासारखं जपायचं यावर माझं काही म्हणणं नव्हतं. (मी सत्तेचाळीसचा. बागेत लोक ‘नात गोड आहे हो तुमची’ म्हणतात आणि मी त्यांचे आभार मानतो. समजावत बसलं की पोरगी घसरगुंडीच्या उलट्या बाजूने चढते.) दोन वर्षं पुरी झाली, तेव्हा कागदावर दोनाचे अडीच झाले. अडीच झाली, तेव्हा तीन. नव्या पुलाच्या उद्घाटनाची तारीख जशी पुढे सरकत राहते तसं चाललं होतं. बरं, बंदी नुसत्या वस्तूवर नाही, शब्दावरही. आमच्या घरात साखर, गोळी, चॉकलेट हे शब्द कुणी तोंडातून काढायचे नाहीत. त्या सगळ्याला मिळून ‘तो विषय’ म्हणायचं. सासूबाई चहा पिताना म्हणतात, ‘जावईबापू, माझ्या कपात तो विषय जरा कमी पडलाय.’

तुझी भावजय वाईट नाही, हे मी तुला सांगायला नको. ती लसीकरण केंद्रात नर्स. दिवसभर लोकांच्या पोरांना टोचते. टोचलं की पोर भोकाड पसरतं, आणि भोकाड पसरलं की आई पर्समधून गोळी काढून त्या आयत्या उघड्या तोंडात टाकते. ती गोळी बहुधा आमच्या कारखान्यातली असते. म्हणजे आमचा संसार असा, की तिने रडवायचं आणि मी गप्प करायचं. पण सोळा-सतरा वर्षं हेच बघून तिचं ठाम मत झालं आहे, की रडणं आणि गोड यांची पोराच्या डोक्यात एकदा गाठ बसली की ती जन्मात सुटत नाही. ‘चाळिशीच्या बायका इंजेक्शन घेतात आणि पर्स चाचपायला लागतात,’ ती सांगते, ‘मी रोज बघते.’ सासूबाईंचं मत याच्या अगदी उलट. दिवसभर ठकीला त्या सांभाळतात, त्यामुळे त्यांना मत आहे आणि ते मांडायला वेळही आहे. एकदा त्या लेकीला म्हणाल्या, ‘तुला आम्ही सहाव्या महिन्यात बोटाने साखर चाटवली. काय धाड भरली तुला?’ त्यावर लेक शांतपणे म्हणाली, ‘आई, तोंड उघड जरा. दात मोजू.’ सासूबाईंनी तोंड उघडलं नाही. ते प्रकरण तिथेच मिटलं.

आता माझ्या नोकरीविषयी दोन शब्द. मी तेवीस वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात चव तपासतो हे तू लोकांना सांगत नाहीस, ‘खाद्यपदार्थांत आहे’ असं मोघम सांगतेस, हे मला ठाऊक आहे. राग नाही. एका कढईत एका वेळी जेवढा पाक शिजतो त्याला आमच्याकडे घाणा म्हणतात. दर घाण्यातली एक गोळी तोंडात ठेवायची, मनात वीस मोजायचे, थुंकायची, चूळ भरायची आणि कागदावर ‘पास’ नाहीतर ‘बाद’ लिहायचं. दिवसाला साठ घाणे. तेवीस वर्षांत मी एकही गोळी शेवटपर्यंत खाल्लेली नाही. (हे वाक्य लिहिताना मलाच गलबलून आलं. असो.) पण खरा उपद्रव पिठीसाखरेचा. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर ती उधळतात. निम्मी गोळ्यांवर बसते आणि निम्मी हवेत तरंगत बसायला जागा शोधते. ती जागा म्हणजे मी. भुवयांत, कानाच्या पाळीमागे, पँटच्या शिवणीत, मोज्यांच्या घडीत. जराशा पावसात सापडलो तर माझं सरबत होतं. कपाळाला हात लावला तर हात सोडवून घ्यावा लागतो. तरी घरी आल्यावर मी हातपाय धूत असे, आणि तेवढ्याने भागतं अशी सगळ्यांची समजूत होती.

आणि आता दाराविषयी. मागच्या पत्रात दोन पानं भरून लिहिलं होतं ते तुला आठवत असेल, न आठवून सांगतेस कुणाला. तू ते भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलंस असं कळलं. रोज संध्याकाळी साडेसहाला मी दारात पाऊल टाकतो तोच आतल्या खोलीतून ठकी धावत येते आणि माझ्या गुडघ्याला घट्ट मिठी मारते. ताई, माझं असं स्वागत आजवर कुणी केलेलं नाही. कारखान्याचा पहारेकरी तेवीस वर्षांनंतरही माझं ओळखपत्र मागतो. तू स्वतः मला बघून ‘आलास का’ म्हणायचीस ते प्रश्न म्हणून नाही, तक्रार म्हणून. त्यामुळे त्या मिठीचं मला काय वाटत असेल याचा विचार कर. मी सबंध गावाला सांगत सुटलो. पोरीला बापाचा लळा आहे म्हटलं. आईला येताना बघून ती जागची हलत नाही म्हटलं (हे मी तिच्या आईच्या देखत म्हटलं, आणि त्याची फळं आता भोगतो आहे).

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी मी नेहमीसारखा आलो. ठकी धावत आली. मिठी बसली. मी नेहमीसारखे डोळे मिटले. (हो, मिटतो. हसू नकोस.) त्या दिवशी दारातला दिवा बदलून मोठा लावला होता, त्याचा उजेड पापण्यांवर आला म्हणून डोळे उघडले आणि खाली बघितलं. मिठी नव्हती ती. चाटण चाललं होतं. शिवणीपासून सुरुवात करून वरून खाली, खालून वर, रंगारी भिंतीला ब्रश मारतो तसं पद्धतशीर. हात गुडघ्याभोवती घातले होते ते गुडघा हलू नये म्हणून. डावा आटोपला तशी ती उजव्याकडे वळली. मी ओरडलो, ‘अहो सासूबाई, ही मला चाटतेय!’ सासूबाई भाजी निवडत होत्या. ‘मग?’ म्हणाल्या, ‘दहा महिन्यांची होती तेव्हापासून चाटतेय. आधी कॉलर चोखायची, चालायला लागल्यावर गुडघ्यावर आली. मला वाटलं तुम्हाला माहितीये. तुम्ही डोळे मिटून उभे राहता ना.’

तेवढ्यात तुझी भावजय कामावरून आली. तिने आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. तिने पर्समधून कापूस काढला, ओला केला, माझ्या कानामागून फिरवला आणि जिभेला लावला. ‘संत्रं,’ ती म्हणाली. बरोबर होतं. गुरुवारी संत्र्याचे घाणे असतात. मग ती खुर्चीत बसली. ‘म्हणजे दोन वर्षं मी लोकांच्या हातातली बिस्किटं परत करतेय,’ ती सावकाश म्हणाली, ‘वाढदिवसाच्या घरी पोरीला पाठ करून बसवतेय, सगळ्या मैत्रिणींत खडूस ठरलेय, आणि इकडे माझ्या घरात रोज साडेसहाला साखर चालत येतेय. स्वतःच्या पायांनी.’ मी म्हटलं, मी तिला काही भरवलेलं नाही. ती म्हणाली, ‘तू भरवलं नाहीस. तू वाढला गेलास.’

निकाल तिथल्या तिथे लागला. कारखान्यातच अंघोळ करायची, डोक्यावरून. कपडे तिथेच बदलायचे. घरी यायचं ते धुतलेलं, सुकलेलं, बिनचवीचं. मी म्हटलं ठीक आहे. मनात म्हटलं, बरंच झालं, आता दूध का दूध होईल. लळा असला तर तो साबणाने जात नाही. शुक्रवारी कारखान्याच्या मोरीत तीन वेळा साबण लावला, कानांत बोटं घातली, इस्त्रीची पँट चढवली आणि साडेसहाला दारात उभा राहिलो. ठकी धावत आली. गुडघा धरला. एकदा जीभ लावली. थांबली. दुसरा गुडघा धरला, जीभ लावली. मग मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं. ताई, ती नजर मी ओळखतो. ती माझीच आहे. घाण्यात लिंबाचा अर्क कमी पडला की मी गोळी थुंकून त्या कढईकडे तसाच बघतो. पोरीने हात सोडले आणि आत जाऊन ठोकळे रचायला लागली. मी बाद झालो होतो.

शनिवारी तेच. सोमवारी तर ती धावतसुद्धा आली नाही. आतूनच मान तिरकी करून बघितलं, बिनचवीचा आहे हे ओळखलं आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. माझं जेवणातलं लक्ष उडालं. कामावर एक हिरव्या रंगाचा घाणा मी संत्रं म्हणून पास केला. तेव्हा आमचे पाकवाले मामा म्हणाले, ‘काय झालंय तुम्हाला?’ पाकवाले मामा म्हणजे कढईवर उभं राहून पाक ढवळणारे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आणि कारखान्यात सगळ्यांचेच मामा. त्यांना सगळं सांगितलं. मामांना फार वाईट वाटलं. ‘असं कुठे असतं होय,’ ते म्हणाले, ‘पोर बापाला वासावरून ओळखतं. मी येतो घरी, बघतो काय ते.’ त्यांचा हेतू चांगला होता. पण ते कामावरून सरळ आले, अंघोळ न करता. माझ्यावर साखर बसते ती उडून आलेली. मामा तिचा पाक ढवळतात. त्यांच्या पँटला उन्हात लकाकी येते.

मामा दारात उभे राहिले मात्र, आतल्या खोलीतून पावलं वाजली. ठकी मला ओलांडून गेली. मामांच्या गुडघ्याला तिने जी मिठी मारली ती सुटता सुटेना, आणि तोंड क्षणभर मोकळं झालं तेव्हा वर बघून ती म्हणाली, ‘बाबा.’ (पोरगी तशी कमी बोलते. दहा-बारा शब्द आहेत तिच्याकडे, ती ते जपून वापरते. आईवर गेलेली नाही.) मामा पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करून उभे. ‘अगं नाही गं बाळ, मी नाही, ते बघ, ते तिकडे!’ करत मला बोटाने दाखवत होते. ठकीने त्या बोटाच्या दिशेने बघितलं आणि बोटच तोंडात घातलं. सासूबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘मनाला लावून घेऊ नका हो जावईबापू. तिला पँट ओळखता येते, माणसं अजून यायचीत.’ मामांनी चहा उभ्यानेच प्यायला आणि गेले. दारात म्हणाले, ‘वास, म्हटलं होतं ना मी.’

तर ताई, त्या दिवशी मी साखरबंदीच्या विरुद्ध उभा राहिलो. विचार सरळ होता. पोरीला साखर फक्त बापाच्या अंगावर मिळते, म्हणून तिला बाप आणि साखर वेगळे करता येत नाहीत. तिला एकदा हातात रीतसर गोड मिळू द्या; मग गोड हे गोड आणि बाप हा बाप हे तिला कळेल, आणि त्यानंतर ती माझ्याकडे आली तर ती माझ्याचसाठी आली असेल. न आली तर तेही कळेल. (या दुसऱ्या वाक्याचा मी फार विचार केलेला नाही.) जेवायला बसल्यावर मी हे मांडलं. सासूबाईंनी माझी बाजू घेतली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तुझी भावजय म्हणाली, ‘म्हणजे तुला खात्री हवी म्हणून पोरीने साखर खायची?’ मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, ‘तसंच.’ मग आठवडाभर आमच्याकडे जेवणाच्या वेळी तोच विषय, म्हणजे ‘तो विषय’, चालू होता.

वाटाघाटी फार पुढे गेल्या आहेत. कडक गोळी अजिबात नाही. घशात अडकते आणि अडकली की काय होतं ते तुझी भावजय आम्हाला जेवताना तपशीलवार सांगते. द्यायचंच तर मऊ, चार तुकडे केलेलं, मांडीवर बसवून, जेवण झाल्यावर, आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि मग दात घासायचे. रडली म्हणून नाही, शहाण्यासारखी वागली म्हणून नाही, नुसतं रविवार म्हणून. आता मऊ म्हणजे काय, तर जेली. ताई, आमच्या कारखान्यात जेलीचं खातं वेगळं आहे. ती माणसं स्वच्छ पांढरे कोट घालतात, अंगाला काही चिकटवून घेत नाहीत आणि आम्हा कढईवाल्यांना ‘गरम खातं’ म्हणतात. तेवीस वर्षं मी त्यांना जेवणाच्या सुटीत मान हलवण्यापलीकडे ओळख दिलेली नाही. आणि माझ्या पोरीच्या तोंडात पहिलं गोड पडणार ते यांच्या हातचं. तरी मी हो म्हटलं. बापाने आणखी किती वाकायचं?

(मध्येच एक सांगायचं राहिलं: गेल्या आठवड्यापासून ठकी पुन्हा दारात येते. पूर्वीइतकी नाही, पण येते, गुडघ्याशी चार-पाच सेकंद थांबते आणि जाते. बहुधा माणसं ओळखता यायला लागली असतील. मी याची चौकशी केलेली नाही. प्रत्येक गोष्टीची चौकशी करायलाच हवी असं नाही.)

आणि मग कालचा मंगळवार उजाडला. ठकीचा मागे तापामुळे राहून गेलेला एक डोस द्यायचा होता. आपल्या पोरीला आपण टोचायचं नाही असा तुझ्या भावजयीचा नियम आहे, म्हणून तिने मांडीवर धरलं आणि दुसऱ्या नर्सने टोचलं. ठकीने जे भोकाड पसरलं ते म्हणे रस्त्यापर्यंत गेलं. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, तीन पोरांच्या आई, हाताला सवय झालेली. त्यांनी इकडे न बघताच पर्समधून गोळी काढली आणि त्या उघड्या तोंडात टाकली. संत्र्याची. आमचीच. तुझ्या भावजयीने बोट घालून ती बाहेर काढली, पण तीन सेकंद ती आत होती. त्या तीन सेकंदांत ठकीचं रडणं कापल्यासारखं थांबलं. डोळे गोल झाले. तिने सगळ्या खोलीभर बघितलं, मग दाराकडे बघितलं आणि म्हणाली, ‘बाबा?’

हे तुझ्या भावजयीने काल जेवताना सांगितलं. सांगून झाल्यावर ती उठली. आपलं ताट उचलून आत गेली आणि नळ बराच वेळ चालू होता. सासूबाई म्हणाल्या, ‘घ्या. पोरीने त्या विषयालाही तुमचंच नाव ठेवलंय.’ मी भाताकडे बघत बसलो होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘देऊन टाकू रविवारी. मलाही किती दिवस रखवाली करवणार. पण एकदा ताईंना विचारू.’ म्हणजे निम्मी लढाई मी जिंकलो आहे, उरलेली निम्मी तुझ्या हातात आहे. तीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला देऊन, जरा मोठ्या अक्षरात, लिहून टाक. खांद्याला त्रास होत असेल तर भावोजींकडून लिहून घे, सही तुझी असली की झालं. भावोजींना नमस्कार. कुंड्यांना साबणाचं पाणी मार. साबणाने सगळं जातं, माझा अनुभव आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : वरचं सगळं खरं आहे, पण ‘द्यायला हरकत नाही’ असं लिहू नकोस. ‘पाच वर्षांची होईपर्यंत काहीही देऊ नका’ असं लिही. पत्र लिहून झाल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रविवारी तिच्या हातात जेलीचा तुकडा पडेल, आणि तुकडा पडला की कुणीतरी तिला सांगेल की याला जेली म्हणतात, याला गोळी म्हणतात, याला साखर म्हणतात. कुणीतरी म्हणजे सासूबाईच. त्या दोन वर्षं हे शब्द तोंडात धरून बसल्या आहेत. आज जगातल्या सगळ्या गोडाला तिच्याजवळ एकच शब्द आहे आणि तो मी आहे. उद्या तिला खरी नावं कळणारच, शाळेत गेली की कळतीलच. पण आणखी दोन वर्षं चालत असेल तर चालू दे ना, ताई. तुझं काय जातं? तीस वर्षांचा अनुभव दोन्हीकडे वापरता येतो.

ता. क. २ : हे वाचून झालं की फाडून टाक. घरात कुणाला कळता कामा नये; कळलं तर मला आठवडाभर भाताकडे बघत बसावं लागेल. टपालपेटी सासूबाईंच्या सकाळच्या फेरीत लागते म्हणून पत्र त्यांच्याकडे देतो आहे. काळजी नको. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नाही, आणि चष्मा कालपासून सापडत नाही.

ती. ताई, सा. न. ही मी, तुमची भावजय. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही हे खरं आहे, म्हणून तिने पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. पाकिटाला डिंक लावायचा राहून गेला होता, तेव्हा आम्ही काही उघडलं असं म्हणता यायचं नाही. पान थोडं रिकामं दिसलं म्हणून चार ओळी लिहिते.

तुमच्या बंधूंनी एक गोष्ट कळवलेली नाही. गेला आठवडाभर ते कारखान्यातून धुतलेली पँट घालून येतात ती दोन्ही गुडघ्यांवर गोल चिकट असते. बाकी पँट स्वच्छ, फक्त तेवढे दोन वाटोळे डाग, हाताने लावल्यासारखे. पँट मी धुते. सोमवारी लिंबू असतं, गुरुवारी संत्रं. मी काही बोलले नाही. चार-पाच सेकंदांत कितीशी पोटात जाणार; मी हिशेब करून बघितला, पेरूच्या एका फोडीत जास्त असते.

तेव्हा तुम्ही खुशाल ‘नको’ लिहा. पाच नको, पण शाळेत जाईपर्यंत म्हणा. माझंही तेच मत आहे, पण ते तुमच्याकडून आलं तर त्यांना गुपचूप जिंकल्यासारखं वाटेल, आणि मला जेवताना जेलीखात्याविषयी ऐकावं लागणार नाही.

आणखी एक, हे फक्त तुम्हाला. रविवारी ते घरीच असतात. कारखाना बंद, सकाळी डोक्यावरून अंघोळ, धुतलेला सदरा, अंगावर साखरेचा कण नाही. जेवले की आतल्या खोलीत कुशीवर झोपतात आणि घोरतात. तेव्हा ठकी आपली चादर ओढत येते, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसते आणि घोरणं थांबेपर्यंत हलत नाही. चाटत नाही. मी दर रविवारी दारातून बघते, एकदाही चाटलेलं नाही. त्यांची कूस बदलायची वेळ आली की ती आधीच उठून जाते, म्हणून त्यांना पत्ता नाही. तुम्ही सांगू नका. सांगितलंत तर ते रविवारी जागे राहायला लागतील, आणि मग पोरीने टेकायचं कुठे?